माझा आवाज विसर, तोबिया

मित्रांनो, मी एक जुनी धक्कागाडी आहे. गाडी म्हणतात खरं, पण मला चाकं नाहीत, भोंगा नाही आणि कुठे जायचंही नाही. लोखंडी सांगाडा, खाली घसरायला दोन पट्ट्या, पुढे चार जाड उशा आणि मागे फळ्यांचा ओटा, एवढीच मी. रग्बी खेळणारी दांडगी माणसं माझ्यापुढे झुंडीने वाकतात, माझ्या उशांना खांदे लावतात आणि जीव खाऊन मला रेटतात. मी मागे सरकते. मग ती दम खातात आणि पुन्हा रेटतात.

खुर्ची बनवतात ती कुणी बसावं म्हणून, पाळणा बनवतात तो कुणी झोपावं म्हणून. मला बनवलं ते दूर लोटण्यासाठी. अशा वस्तूने फार लाड मागू नयेत, हे मी लवकर शिकले.

मी पो नदीकाठच्या कोर्ते बासा गावची. इथे नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहते आणि हिवाळ्यात धुकं बांधावरून उतरून मैदानात ठाण मांडून बसतं. गावच्या वेल्डरने बीट वाहायच्या एका मोडक्या गाडीच्या लोखंडातून मला जोडलं. पहिल्या दिवशी पोरांनी मला रेटलं, तर मी जागची हलले नाही. "मुस्सा आहे नुसती!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. इकडच्या बोलीत मुस्सा म्हणजे गाढवी. तेव्हापासून तेच माझं नाव पडलं. मला राग आला होता, पण नाव नसण्यापेक्षा ते बरं होतं.

क्लबच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली माझी जागा आहे. आत ओत्ताविया नावाची बाई रांधते. सामन्याचे दोन डाव संपले की तिसरा डाव तिचा असतो. ज्यांनी एकमेकांना मैदानात चिखलात लोळवलं, ते दोन्ही संघ एका टेबलाला बसून तिचा पोलेंटा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, सॉसेज आणि तांबडी वाइन संपवतात. खिडकीतून वाफ येते, गाणी येतात, शिव्या येतात. मी बाहेर उभी असते. मला कुणी आत बोलावत नाही, आणि दारातून मी मावणारही नाही.

आता नेरेओबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्यामुळे मला आवाज मिळाला. नेरेओ आमच्या क्लबचा प्रशिक्षक. पोरं त्याला 'मिस्तर' म्हणतात. स्क्रमच्या, म्हणजे झुंडीने वाकून रेटारेटी करायच्या, सरावाला तो माझ्या ओट्यावर वजन म्हणून उभा राहायचा आणि ओरडायचा, "वाका! धरा! भिडा!" सामन्यात रेफरी हेच तीन शब्द म्हणतो. 'भिडा' ऐकताच दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांवर आदळतात. आधी गेला त्याला शिक्षा, आणि निमिषभर मागे राहिला तो उलटा फेकला जातो. सगळा खेळ त्या एका शब्दाचा.

मग नेरेओच्या घशाचं ऑपरेशन झालं. बरा होऊन तो मैदानावर आला, माझ्यावर चढला, पोरं वाकली. त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पोरं तशीच वाकून वाट बघत राहिली, त्यांच्या मांड्या थरथरू लागल्या, पण कुणी मान वर केली नाही. मिस्तरकडे बघायची कुणाची छाती होईना. तेव्हा नेरेओने खिशातून लोखंडी पाना काढला आणि माझ्या सांगाड्यावर हाणला.

टण्ण!

आठही जण एकदम माझ्यावर आदळले. मी कधी नव्हे इतकी लांब घसरत गेले. नेरेओ माझ्यावर पाना धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मित्रांनो, त्या दिवसापासून कोर्ते बासात 'भिडा' हा शब्द मी बोलू लागले. सामन्याच्या दिवशी नेरेओ कुंपणाच्या लोखंडी कठड्यापाशी उभा राहायचा आणि रेफरीच्या शब्दासरशी पाना हाणायचा. परगावी गेला की आधी कठडा शोधायचा. आमच्या गड्यांना रेफरी ऐकूच येईनासा झाला. त्यांचे कान लोखंडावर असायचे. यात काही वावगं आहे असं गावात कुणालाच वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

याच दिवसांत तोबिया मारांगोन आला. पोरसवदा, पण खांदे बैलाचे, आणि तोंडात शब्द नाही. शाळेत बाकावर बसला की बाक मोडायचा म्हणून मास्तरांनीच त्याला आमच्याकडे पिटाळलं होतं. स्क्रमच्या पहिल्या रांगेत दोन टोकांना जे दोघं असतात त्यांना इकडे खांब म्हणतात, पुलाचे असतात तसे. तोबिया जन्मजात खांब होता. सराव संपून बाकीचे आंघोळीला पळाले की तो मागे राहायचा आणि एकटाच मला खांदा लावायचा. ओल्या गवतावर एकट्याने मला हलवणं अशक्य आहे, हे त्याला माहीत होतं. तरी तो रेटायचा. घामेजलेलं कपाळ माझ्या उशीला टेकवून थोडा वेळ तसाच राहायचा. इतरांनी मला रेटलं, पण टेकून फक्त तोच उभा राहिला. खरं सांगते, मला तो फार आवडायचा.

मोठ्यांच्या संघातून तो पहिला सामना खेळला, तेव्हाची गंमत ऐका. आमच्याकडे रीत आहे, पहिला सामना खेळलेल्याने तिसऱ्या डावात खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं. तोबियाला चढवलं. त्याला एकही गाणं आठवेना.

"म्हण रे काहीतरी!" ओत्ताविया आतून ओरडली. "पोलेंटा गार होतोय!"

त्याने डोळे मिटले आणि चर्चमध्ये कुणी वारल्यावर म्हणतात ते गाणं म्हणायला लागला. गावात सगळ्यांना ते पाठ. समोरचा अख्खा संघ टोप्या काढून उठून उभा राहिला. एकाने विचारलं, "कोण गेलं हो तुमचं?" मग जो हशा पिकला, तो माझ्या सांगाड्यापर्यंत थरथरत आला. तोबियाही हसला. त्याला मोकळं हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाने त्याला नेलं, तेव्हा त्याला नुकती एकोणीस वर्षं पुरी झाली होती. त्या संघात खेळणं हीच त्याची नोकरी असणार होती. ओत्तावियाने त्याच्या बॅगेत सॉसेज कोंबले. नेरेओने त्याच्या मानेवर थाप मारली आणि फुसफुसला, "खांब व्हायचं. पडायचं नाही." तोबिया माझ्याकडे न बघता गाडीत बसला. मी मनाची समजूत घातली, की डोळ्यांत पाणी असेल म्हणून बघितलं नसेल. एकटं पडलं की माणसंही अशाच समजुती घालत असतील.

त्यानंतर सरावानंतरची वेळ मला खायला उठायची. पोरं आंघोळीला पळायची, धुकं यायचं आणि माझ्या उशा थंड पडायच्या.

त्याच्या बातम्या मला खिडकीतून मिळायच्या. आत टीव्ही होता. शहरात तो आणखी दोघांबरोबर एका घरात राहायचा. एक टोंगा बेटांवरचा, एक अर्जेंटिनाचा. तिघांच्या भाषा तीन. संध्याकाळी तिघं आपापल्या खोलीत डब्यातला मासा खायचे, असं त्याने ओत्तावियाला स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर सांगितलं.

"मग दार वाजव की एखाद्याचं!" ती म्हणाली.

"वाजवून बोलू काय, ओत्ताविया?"

"अरे, खायला बस म्हणायला भाषा कशाला लागते?"

तिने फोन ठेवला आणि कांदा चिरताना उगाचच नाक ओढत राहिली.

अखेर एका सामन्यात त्याला उतरवलं. सगळं गाव त्या टीव्हीपुढे जमलं. पहिला स्क्रम झाला आणि तोबिया मागे ढकलला गेला. दुसऱ्यात तो गुडघ्यांवर आला आणि रेफरीने शिट्टी वाजवून शिक्षा दिली. तिसऱ्यात समोरचा त्याला उचलूनच घेऊन गेला. टीव्हीतला माणूस म्हणाला, "हा पोरगा उभ्या उभ्या झोपतोय की काय?"

"तुझा बाप झोपतोय!" ओत्तावियाने ओलं फडकं टीव्हीवर फेकून मारलं.

नेरेओ बाहेर आला आणि माझ्या ओट्यावर बसला. आत चौथा स्क्रम चालू होता. रेफरीचा आवाज आला: वाका, धरा, भिडा. त्यानंतर निमिषभराची फट पडली आणि मग सगळे ओरडले. नेरेओने हातातल्या पान्याकडे पाहिलं. मलाही त्याच क्षणी कळलं. तोबिया झोपत नव्हता. तो माझी वाट बघत होता. गावाकडच्या सामन्यांत पाना शब्दासोबतच वाजायचा आणि उरलासुरला उशीर त्याच्या ताकदीने झाकला जायचा. त्याच्याइतक्याच दांडग्या माणसांपुढे तो उघडा पडला.

मित्रांनो, माझ्यासाठी कुणीतरी कान लावून आहे, हे कळल्यावर मला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाचीच लाज वाटली.

पुढच्या सामन्यांत तेच घडलं. मग त्याला राखीव म्हणून बाकावर बसवायला लागले. एका सुट्टीला तो गावी आला. आमचा संघ परगावी खेळायला गेला होता, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. तो सरळ माझ्याकडे आला आणि खांदा लावून रेटत राहिला. मी हलले नाही. खिडकी उघडून ओत्ताविया म्हणाली, "त्या गाढवीला सोड आणि आधी खाऊन घे."

"भूक नाही."

"तुला भूक नाही? मग गाव बुडणार आता!"

त्याने कपाळ माझ्या उशीला टेकवलं आणि तिथूनच बोलला, "त्यांनी सांगितलंय. वसंतापर्यंत बघू म्हणाले. स्क्रम सुधारला तर ठेवतील, नाहीतर घरी जा."

"घर काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण मला दुसरं काही येत नाही, ओत्ताविया. मला फक्त खांब होता येतं. आणि तेही येत नाही म्हणतात."

एवढ्यात संघाबरोबर गेलेला नेरेओ परत आला. तो आपल्या फुसफुसत्या आवाजात बोलू लागला, आणि तोबियाला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. नेरेओने टणत्काराचं सांगितलं. तोबिया लहान मुलासारखा म्हणाला, "मिस्तर, मग तुम्ही तिकडे या ना. एकदाच. कठडा आहे तिथे. मी बघितलाय."

आणि मित्रांनो, नेरेओ खरोखरच गेला! कोटाच्या खिशात पाना घालून स्टेडियमवर गेला. फाटकावरच्या रखवालदाराने खिसा चाचपला आणि पाना जप्त केला.

"आजोबा, हे काय? नळ दुरुस्त करायला आलात?"

नेरेओला समजावून सांगता येईना, कारण गर्दीत त्याचा आवाज पोचेना. तो तसाच आत गेला. शेवटच्या काही मिनिटांसाठी तोबियाला उतरवलं. नेरेओने कठड्यावर लग्नाची अंगठी आपटली, मग किल्ल्या आपटल्या. हजारो माणसं ओरडत होती. शेजारच्यालाही ऐकू आलं नसेल. परत आल्यावर तो ओत्तावियाला म्हणाला, "त्याने मान किंचित वर केली होती. शोधत होता. आणि समोरच्याने त्याला तिथेच गाडलं." एवढं बोलून त्याने डोकं हातात धरलं.

त्यानंतरच्या सुट्टीला त्याने तोबियाला मैदानावर बोलावलं. ओत्तावियालाही एप्रनसकट बाहेर ओढलं आणि दोन खांबांच्या मधे जो गडी असतो त्याच्या जागी उभं केलं. दुसऱ्या बाजूला गावचा जुना खांब, आता पोट सुटलेला पाववाला रेमीजो.

"मला कशाला रे?" ओत्ताविया म्हणाली. "माझी कंबर गेलीय!"

"तुझी कंबर नको," नेरेओ फुसफुसला. "तुझा दमा हवाय."

"म्हणजे?"

"शब्द यायच्या आधी मधला गडी श्वास ओढतो. त्याच्या बरगड्या फुगतात. तोबिया, लोखंडाला कान बंद कर. तिच्या बरगड्या ऐक. त्या फुगल्या की तू तयार, शब्द संपताच तिच्याबरोबर जा."

"माझ्या बरगड्यांना हात लावायचा तर आधी लग्न करावं लागेल," ओत्ताविया म्हणाली, आणि तोबिया कानापर्यंत लाल झाला.

आता माझ्या दुःखाचं सांगते. नेरेओ माझ्यावर चढला आणि त्याने पाना हाणला, पण चुकीच्या वेळी. ओत्तावियाने श्वास घेतलाच नव्हता. टण्ण! तोबिया एकटाच माझ्यावर आदळला. नेरेओने मान हलवली. पुन्हा वाकवलं. पुन्हा खोटा ठोका. तोबिया पुन्हा आदळला. मला सगळं कळलं. माझा आवाज खोटा पाडायचा होता. ज्या पोराच्या अंगात मी भिनले होते, त्याच्या अंगातून मला उपसून काढायचं होतं, आणि ते कामही मीच करायचं होतं.

मला ओरडता येत असतं तर ओरडले असते. पण पाना पडला की मी वाजणारच, माझी जातच तशी. सबंध हिवाळा, प्रत्येक सुट्टीला मी वाजत राहिले आणि खोटं बोलत राहिले. तोबिया चिडायचा, चिखलात बसायचा, एकदा तर त्याने मला लाथ घातली. "गप्प बस ना, मुस्सा!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. नेरेओने त्याला उठवलं. ओत्ताविया धापा टाकत म्हणाली, "चल रे, माझा श्वास आहे तोवर करून घे."

आणि एके दिवशी मी वाजले, पण तो हलला नाही. पुन्हा वाजले. नाही हलला. ओत्तावियाच्या छातीत दमा शिट्टी वाजवून गेला, रेफरीच्या जागी उभा केलेला एकजण 'भिडा' म्हणाला, आणि तिघं एका अंगाने माझ्यावर आले. मी मागे सरकले. ओत्ताविया चिखलात पडून हसत होती. नेरेओने पाना हळूच खिशात टाकला.

वसंतात तोबियाला सुरुवातीपासून खेळवलं. पहिल्याच स्क्रमला त्याने समोरच्याला दोन पावलं मागे नेलं. आत टेबलं बडवली गेली, बाटल्या पडल्या. नेरेओ या वेळी टीव्हीपुढे बसला होता आणि ओत्ताविया दर स्क्रमला मोठ्ठा श्वास घेत होती. मोठ्या संघाने त्याला ठेवून घेतलं. हल्ली म्हणे देशाच्या निळ्या जर्सीसाठीही त्याचं नाव घेतात. त्या टोंगाच्या गड्याचं दारही त्याने वाजवलं. आता दोघं मिळून रांधतात आणि दोघांनाही नीट रांधता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो गावी आला. पोरांचा सराव चालू होता. "तोबिया, ये की आमच्यात!" ती ओरडली. तो हसत पहिल्या रांगेत वाकला. त्याचा खांदा माझ्या उशीला लागला. तोच खांदा, पण आता कितीतरी जड. नेरेओ माझ्यावर होता. त्याने पाना हाणला, मनापासून, खरा.

टण्ण!

सात जण आदळले. तोबिया वाकलेलाच राहिला.

"झोपला, झोपला!" पोरं खिदळली. "एवढा मोठा खांब आणि झोपला!"

त्याने गोंधळून वर पाहिलं. "काय झालं? वाजवलंत, मिस्तर? मला ऐकूच नाही आलं."

नेरेओ आवाज न करता हसला. त्याचे खांदे हलत होते. त्याने तोबियाचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याच्या कपाळाची पापी घेतली. सबंध हिवाळाभर आम्ही यासाठीच तर राबलो होतो. आम्ही जिंकलो होतो. मला फार आनंद झाला, मित्रांनो, आणि तो सांगायला मला कुणीच नव्हतं.

निघण्यापूर्वी तोबिया माझ्यापाशी आला. माझ्या सांध्यांवरचा गंज त्याने नखाने खरवडून पाहिला. गाडीतून ग्रीसचा डबा आणला आणि गुडघ्यांवर बसून प्रत्येक सांधा भरला. मग एक नवीकोरी ताडपत्री काढली, माझ्यावर पसरली आणि चारी कोपरे दोरीने घट्ट बांधले. "आता पाऊस लागणार नाही तुला," तो म्हणाला. आत अंधार झाला. त्याची पावलं लांब गेली, गाडी सुरू झाली, बांधावरून गेली. इतकी काळजी माझी कुणीच घेतली नव्हती, आणि इतकी एकटी मी कधीच नव्हते.

म्हणून एवढंच मागते. तुमच्या शाळेत, अंगणात, माळ्यावर माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला तेल द्या, ग्रीस लावा, पावसात भिजू देऊ नका. तुम्ही मोठे व्हाल, त्याची हाक तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. फक्त त्याला झाकून ठेवलंत, तर मित्रांनो, कधीतरी एखादा कोपरा उचलून आतही बघत जा.